साकलातवाला पलटण आणि विदर्भातील एक स्वयंसेवक



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून, गोंदियाच्या सभागृहात स्पेनच्या यादवी युद्धाचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात उभा राहिला असेल, आणि तो रास्त आहे. कारण गावच्या व्याख्यानमालेत आलेल्या वक्त्याने गावच्या मुलखाविषयी बोलावे असा संकेत आपल्याकडे रूढ आहे, आणि नागझिऱ्याच्या अरण्यापासून कामठ्याच्या जमीनदारीपर्यंत येथे बोलण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु माझा विषय वरकरणी दिसतो तितका परका नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथून सातपुड्याच्या अंगावर जी अडीच फुटी रेल्वे चढविण्यात आली, ती बाघ नदी ओलांडून बालाघाटला, तेथून नैनपूरला आणि नैनपूरहून एका फाट्याने मंडल्याला जात असे. ज्या गृहस्थांविषयी मी आज बोलणार आहे ते जन्माने मंडल्याचे, शिक्षणाने व कार्याने नागपूरचे, आणि त्यांच्या पहिल्या मोठ्या कारावासाचे कारण घडले ते बालाघाटला. म्हणजे त्यांच्या पूर्वायुष्याची तिन्ही ठाणी ज्या रेल्वेने सांधली होती तिचे नाके आपले गोंदिया होते.

गोपाळ मुकुंद उपाख्य बाळाजी हुद्दार यांचा जन्म १९०२ सालचा. नागपुरात १९२५ च्या विजयादशमीला डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली, आणि १९२९ च्या नोव्हेंबरात संघाची अधिकारपदे निश्चित झाली तेव्हा सरसंघचालक डॉक्टरसाहेब, सरसेनापती मार्तंडराव जोग आणि सरकार्यवाह बाळाजी हुद्दार अशी वाटणी झाली. यानंतर थोड्याच काळात सशस्त्र क्रांतिकार्यासाठी द्रव्य उभे करण्याच्या हेतूने बालाघाटला पडलेल्या दरोड्याच्या खटल्यात ते सापडले आणि काही वर्षांची शिक्षा भोगून बाहेर आले. पुढे वृत्तपत्रव्यवसायाचे शिक्षण घेण्यासाठी ते लंडनला गेले, आणि १९३७ च्या अखेरीस हा नागपूरचा मराठी तरुण ‘जॉन स्मिथ’ असे नाव धारण करून स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने, आंतरराष्ट्रीय दलाच्या पंधराव्या ब्रिगेडमधील इंग्रज पलटणीत साधा शिपाई म्हणून दाखल झाला.

या चरित्राचे दोन अर्धे एकमेकांत बसत नाहीत असे मानण्याची पद्धत आहे. ज्यांना पूर्वार्ध प्रिय त्यांना उत्तरार्धाचा संकोच वाटतो, ज्यांना उत्तरार्धाचा अभिमान ते पूर्वार्धाविषयी दोन ओळींत बोलून पुढे सरकतात, आणि परिणामी दोहोंच्या दप्तरांत हा माणूस समासात पडून राहतो. मला या भांडणात पडावयाचे नाही. ज्या पलटणीत तो गेला ती पलटण कशी होती, तिने काय सोसले आणि तिच्या सेवेत याचा वाटा कोणता, एवढेच मला पाहावयाचे आहे. आणि माझे मत आरंभीच सांगून टाकतो की, हा वाटा पराभवाचा आणि कैदेचा होता म्हणून तो गौण ठरत नाही.

या पलटणीला अधिकृतपणे जे नाव देण्यात आले होते ते एका मुंबईकराचे होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. शापुरजी साकलातवाला हे जमशेटजी टाटांचे भाचे, जन्म १८७४, मुंबई. जमशेटजींच्या पोलादाच्या कारखान्यासाठी लोखंडाची खाण शोधण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले तेव्हा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड यांच्याबरोबर चांद्याच्या रानांत हिंडणाऱ्यांत हे तरुण शापुरजी होते. चांद्याचा शोध निष्फळ ठरला. पुढे नागपूरच्या एका नकाशावरून दुर्ग जिल्ह्यातील धल्ली-राजहराच्या टेकड्यांचा माग लागला, आणि अखेरीस कारखाना गेला तो सिंहभूमला. शापुरजी मात्र १९०५ च्या सुमारास विलायतेत गेले, तेथील मजुरांच्या चळवळीत मिसळले, आणि लंडनच्या नॉर्थ बॅटर्सी मतदारसंघाने त्यांना १९२२ मध्ये व पुन्हा १९२४ मध्ये पार्लमेंटात निवडून पाठविले. टाटांच्या घरचा पुरुष साम्यवादी पक्षाचा सभासद म्हणून ब्रिटिश लोकसभेत बसतो आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तेथे वारंवार उपस्थित करतो, या विसंगतीची मौज त्या काळी पुष्कळांनी लुटली. १९३६ च्या जानेवारीत ते वारले, आणि वर्षभराने स्पेनमध्ये जमलेल्या इंग्रज स्वयंसेवकांच्या पलटणीला त्यांचे नाव देण्यात आले. ते नाव लोकांच्या तोंडी बसले नाही. इंग्रज खाणमजुराच्या जिभेला ते अवघड होते हे त्याचे एक कारण असावे. व्यवहारात ती ‘ब्रिटिश बटालियन’च राहिली. तथापि ज्यांनी चांद्याच्या जंगलात लोखंड शोधले त्यांच्या नावाची पलटण, आणि तीत चांद्याच्या शेजारच्या नागपुरातला शिपाई, हा योग मला नोंदवून ठेवावासा वाटतो.

आता युद्धाकडे वळू. १९३१ मध्ये स्पेनचा राजा देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक स्थापन झाले. १९३६ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत उदारमतवादी, समाजवादी आणि साम्यवादी अशा पक्षांची लोकआघाडी निवडून आली; आणि त्याच वर्षी १७ जुलै रोजी मोरोक्कोतील स्पॅनिश लष्कराने बंड पुकारले, ज्याचे नेतृत्व लवकरच जनरल फ्रांको याच्याकडे आले. जमीनदार, सरंजामी लष्करी अधिकारी आणि चर्चचा मोठा भाग एका बाजूस, मजूर, भूमिहीन शेतकरी आणि कातालान व बास्क प्रदेशांतील स्वायत्ततावादी दुसऱ्या बाजूस, अशी ढोबळ विभागणी झाली. ती ढोबळच आहे, कारण यादवीत एकाच घरचे भाऊ दोहोंकडे असतात. फ्रांकोच्या कुमकेस मुसोलिनीची सैन्ये आणि हिटलरची विमाने आली. इंग्लंड व फ्रान्स यांनी ‘हस्तक्षेप न करण्याचा’ करार पुढे केला, त्यावर जर्मनी व इटली यांनीही सह्या केल्या, आणि हस्तक्षेप यथास्थित चालू राहिला. लंडनला या कराराच्या देखरेखीसाठी समिती बसली होती. करार मोडणारे राष्ट्र त्याच समितीत बसून तो पाळला जात असल्याची ग्वाही देत असे; राजनीतीच्या इतिहासात असा निर्लज्जपणा विरळा.

प्रजासत्ताकाच्या बाजूने जी माणसे बाहेरून आली ती सरकारांनी धाडलेली नव्हती. पन्नासांहून अधिक देशांतून सुमारे पस्तीस हजार लोक आले; ब्रिटनमधून आलेल्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात, आणि त्यांपैकी पाचशेंहून अधिक तेथेच पडले. १९३७ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने १८७० सालच्या परकी सेनाभरतीविषयक कायद्याची आठवण करून देऊन, स्पेनला लढावयास जाणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असे जाहीर केले. त्यावर स्वयंसेवकांनी जो तोडगा काढला तो नामी होता. लंडनहून पॅरिसला शनिवार-रविवारच्या सहलीचे जे तिकीट मिळे त्याला पासपोर्ट लागत नसे. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी व्हिक्टोरिया स्टेशनावर, हातात काहीही सामान नसलेल्या बेकार मजुरांचे घोळके पॅरिसची रम्य स्थळे पाहावयास निघाल्याचे सोंग करीत, आणि हे सोंग ओळखूनही पोलिसांना त्यांना थोपवता येत नसे. पॅरिसहून दक्षिण फ्रान्स, तेथून रात्रीच्या काळोखात दोराच्या तळव्यांच्या चपला घालून पिरेनीज पर्वत चढावयाचा, आणि पहाटे स्पेनच्या बाजूस उतरून फिगेरासच्या जुन्या किल्ल्यात हजेरी लावावयाची, असा हा मार्ग होता. सरहद्दीवर गस्त असे. पकडले गेलेले फ्रेंच तुरुंगात जात.

अल्बासेते येथे आंतरराष्ट्रीय दलाचा मुख्य तळ होता, आणि त्याच्या आसमंतातील माद्रिगेरास या खेड्यात, व पुढे तारासोना दे ला मांचा येथे, इंग्रजी बोलणाऱ्यांची कवायत चाले. वेल्सचे खाणकामगार, ग्लासगोचे गोदीमजूर, लंडनच्या पूर्वभागातील यहुदी शिंपी, थोडे विद्यार्थी, थोडे लेखक, असा हा संमिश्र जमाव होता. पहिल्या महायुद्धात लढलेले जे थोडके होते त्यांच्यावर भिस्त ठेवून पलटण उभी राहिली. बंदुका तुटपुंज्या आणि नाना जातींच्या, आणि कित्येकांना तर मोर्चावर जाण्यापूर्वी चार-दोन गोळ्यांहून अधिक झाडावयास मिळाल्या नव्हत्या.

या स्थितीत १२ फेब्रुवारी १९३७ रोजी पलटण हारामा नदीच्या खोऱ्यात लढाईत उतरली. माद्रिदहून वॅलेन्सियाला जाणारा रस्ता हा राजधानीच्या रसदीचा मुख्य रस्ता. तो तोडण्यासाठी फ्रांकोच्या सैन्याने नदी ओलांडली होती. इंग्रजांच्या तुकड्या ज्या टेकडीवर जाऊन भिडल्या तिला पुढे त्यांनीच ‘आत्महत्येची टेकडी’ असे नाव दिले. पलटणीच्या यंत्रतोफांना पुरविलेल्या पट्ट्यांत भलत्याच जातीच्या गोळ्या भरलेल्या निघाल्या, आणि योग्य गोळ्या आणणारी मोटार वाटेत उलटली; त्यामुळे पायदळाच्या तीन कंपन्या पुढे कापल्या जात असता मागच्या कड्यावर यंत्रतोफा मुक्या बसून होत्या. तिसऱ्या प्रहरी, नव्या गोळ्या भरून होताच, टेकडी जिंकल्याच्या भरात उघड्यावर खाली उतरणाऱ्या मोरोक्कन पलटणींवर त्या एकदम चालू झाल्या, आणि तेवढ्याने तो दिवस राखला गेला. संध्याकाळी हजेरी घेतली तेव्हा सहाशेंपैकी सुमारे सव्वादोनशे उरले होते. मेलेल्यांत ख्रिस्तोफर कॉडवेल या टोपणनावाने लिहिणारा तरुण समीक्षक होता, ज्याचा काव्यमीमांसेवरील ग्रंथ त्याच्या मागे त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि पुढे आपल्याकडील डाव्या विचाराच्या साहित्यिकांतही वाचला गेला. दुसऱ्या दिवशी यंत्रतोफांच्या कंपनीतील तिसेक माणसे शत्रूच्या हाती सापडली आणि पलटणीचा नायक टॉम विंट्रिंगहॅम जखमी झाला.

पण हारामाची खरी गोष्ट तिसऱ्या दिवसाची आहे. १४ तारखेला रणगाड्यांच्या माऱ्यापुढे उरलेली फळी फुटली आणि माणसे रस्त्याकडे मागे आली: भुकेली, तीन रात्री न निजलेली, नायक नसलेली. तेथे, वॅलेन्सियाच्या रस्त्याच्या कडेला, ब्रिगेडच्या सेनापतीने त्यांना एवढेच सांगितले की त्यांच्या जागी आता दुसरे कोणी नाही. जॉक कनिंगहॅम हा स्कॉच आणि फ्रँक रायन हा आयरिश, अशा दोघांनी सुमारे एकशे चाळीस माणसे गोळा केली, आणि ती माणसे, ज्या रस्त्याने पळाली होती त्याच रस्त्याने, कामगारांचे आंतरराष्ट्रीय गीत गात परत गेली; वाटेत इतर पलटणींचे भरकटलेले लोक त्यांना येऊन मिळाले, आणि किती कुमक येते आहे याचा अंदाज चुकून शत्रू मागे सरला. फळी जेथे पुन्हा बांधली गेली तेथेच ती युद्धाच्या अखेरपर्यंत राहिली. सैन्यात नाव नोंदविताना माणूस काय विचार करतो याला मी फार किंमत देत नाही. तरुणपणी पुष्कळजण पुष्कळ ठिकाणी नाव नोंदवितात. पळून आल्यावर, पळण्याचे कारण पुरेपूर कळले असता, आणि परत जाण्याची सक्ती करावयास हाताशी कोणी शिपाईप्यादे नसता, तो फिरून जातो की नाही, येथे त्याच्या स्वेच्छेची रुजुवात होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे व्याख्यान भाटगिरी होईल. स्वेच्छेने आलेल्या माणसाला स्वेच्छेने जाता येत नव्हते. आपण काही महिन्यांसाठी आलो अशी कित्येकांची समजूत होती; रजा मागितली तर मिळत नसे, आणि पळून जाताना सापडलेल्यांना तुरुंग, श्रमतुकडी आणि क्वचित त्याहूनही कठोर शासन भोगावे लागे. प्रत्येक तुकडीबरोबर राजकीय शिक्षण देणारा कमिसार असे. त्यांतले काही शिपायांच्या सुखदुःखाचे खरे वाटेकरी होते, तर काहींची मुख्य हातोटी संशय घेण्याची. १९३७ च्या मे महिन्यात बार्सेलोनाच्या रस्त्यांत प्रजासत्ताकाचे पाठीराखे एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. हे सर्व ठाऊक असलेला माणूसही त्या पलटणीचा आदर करू शकतो, असा माझा अनुभव आहे. किंबहुना हे ठाऊक नसताना केलेला आदर थोडा पोकळ असतो.

आणखी एक गोष्ट. हारामाच्या टेकडीवर इंग्रज मजुरांना ज्यांनी कापले ते मोरोक्कोचे रिफ प्रदेशातील गरीब शेतकरी होते. ज्या स्पेनने त्यांचा मुलूख जिंकला त्याच स्पेनच्या सेनापतींनी त्यांना हजारोंनी भरती करून समुद्रापार आणले होते, आणि अनावृष्टीने गांजलेल्या त्या लोकांना शिपाईगिरीचा पगार व आगाऊ मिळणारे धान्य हेच आमिष पुरेसे होते. आपल्या प्रांताला हा प्रकार नवा नाही. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने अरब लढले आणि कंपनीच्या बाजूने मद्रासचे व बंगालचे शिपाई. पुढच्याच वर्षी याच जिल्ह्यातील कामठ्याच्या चिमणा पटेलाने उचल केली, ती मोडण्यास कॅप्टन गॉर्डन जी तुकडी घेऊन आला तिच्यातही पोटासाठी शिपाई झालेले देशी लोकच असणार. १९१४ नंतर फ्रान्सच्या चिखलात आणि मेसोपोटेमियाच्या वाळूत आपली माणसे मेली, तीही दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी. या पार्श्वभूमीवर, जिंकलेल्या देशाचा एक प्रजाजन जिंकणाऱ्यांच्या देशातील मजुरांच्या खांद्याला खांदा लावून, कोणी भरती न करता, तिसऱ्याच देशाच्या यादवीत उतरतो, ही घटना एकटी असली तरी लहान नाही. याच संदर्भात आठवते की १९३१ च्या मार्चमध्ये नागपूरचेच डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे रोमला मुसोलिनीची भेट घेऊन तेथील तरुणांचे लष्करी शिक्षण पाहत होते. हिंदी तरुण सैनिकी शिस्तीत तयार झाला पाहिजे, ही तळमळ मुंज्यांची होती आणि हुद्दारांचीही. एकाच गावच्या, एकाच वर्तुळातील दोन माणसांची तीच तळमळ सात वर्षांच्या आत एकाला मुसोलिनीच्या दालनात आणि दुसऱ्याला मुसोलिनीच्या तोफांसमोर घेऊन गेली.

हारामानंतर पलटण जून महिन्यापर्यंत खंदकांत राहिली. जुलैत ब्रुनेतेच्या उन्हाळी लढाईत तीनशे एकतीस उतरले आणि अखेरीस बेचाळीस धडधाकट उरले. मग आरागॉनच्या रुक्ष पठारावर किंतो, बेल्चीते, फुएन्तेस दे एब्रो. पडलेल्यांच्या जागा उत्तरोत्तर स्पॅनिश तरुणांनी भरू लागल्या, पलटणीला प्रजासत्ताकाच्या सैन्यात ५७ वा क्रमांक मिळाला, आणि ब्रिटिश हे तिचे विशेषण हळूहळू अर्धसत्य होत गेले. १९३७ च्या डिसेंबरात ब्रिटिश मजूर पक्षाचे नेते क्लेमंट अॅटली पलटणीच्या भेटीस आले आणि पहिल्या कंपनीने त्यांचे नाव घेतले: मेजर अॅटली कंपनी. दहा वर्षांनी ज्यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थानातील ब्रिटिश अंमल संपला त्यांच्या नावाची कंपनी, आणि तो अंमल संपावा म्हणून पार्लमेंटात ओरडून कंठशोष करणाऱ्या साकलातवालांच्या नावाची पलटण. इतिहासाला असले विनोद सुचतात, आणि ते त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाहीत. लगेच तेरुएलची लढाई आली. पारा शून्याखाली अठरा अंशांपर्यंत उतरला होता, आणि जखमांइतकेच लोक थंडीने निकामी झाले.

हुद्दार ज्या पलटणीत दाखल झाले ती ही. पहिल्या उमेदीची पलटण आता नव्हती. तिच्यातले बहुतेक उत्तम शिपाई मातीत गेले होते, आणि नव्या भरतीला जय पाहण्याचे भाग्य लाभणार नव्हते. ९ मार्च १९३८ रोजी फ्रांकोने आरागॉनमध्ये मोठी चढाई सुरू केली. आकाश सर्वस्वी शत्रूच्या विमानांचे, जमिनीवर रणगाडे, आणि समोर थकलेल्या, दारूगोळा संपत आलेल्या तुकड्या. आघाडी फुटली आणि सेना एब्रो नदीकडे मागे सरू लागली. माघारीचा इतिहास कोणी हौसेने लिहीत नाही, कारण त्याला नकाशा नसतो. कोण कोठे होते, हुकूम कोणी दिला, तो कोणाला पोचला, हे सांगणारे मेलेले किंवा पांगलेले असतात. ३१ मार्चला पहाटे कालासेइते गावाच्या पुढे रस्त्याच्या वळणावर पलटणीसमोर रणगाडे आले, ते आपलेच असा समज झाला, आणि ते इटालियन आहेत हे उमगेपर्यंत गोळीबार सुरू झाला होता. दीडशेच्या आसपास लोक मेले वा जखमी झाले, आणि जवळजवळ तितकेच पकडले गेले. हारामाचा तो फ्रँक रायन त्यांतच सापडला. जे निसटले ते डोंगरातून गांदेसाकडे धडपडत निघाले. या धुमश्चक्रीतच, एप्रिलच्या आरंभी, गांदेसाच्या परिसरात हुद्दार शत्रूच्या हाती लागले. १५ एप्रिलला फ्रांकोचे सैन्य भूमध्य समुद्राला जाऊन भिडले आणि प्रजासत्ताकाचे दोन तुकडे झाले.

पकडलेल्या परदेशी सैनिकांना बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात कोंडण्यात आले. स्पेनचा मध्ययुगीन वीर एल सिद याचे दफन याच मठात झाले होते, असा या स्थानाचा लौकिक. १९३८ मध्ये तेथे सहाशेंहून अधिक परदेशी कैदी दगडी फरशीवर, उवांच्या आणि उंदरांच्या संगतीत, घेवड्याच्या पातळ आमटीवर दिवस काढीत होते. दिवसातून अनेकदा रांगेत उभे करून हात उंचावून फ्रांकोची सलामी करावयास लावीत, आणि कुचराई दिसली की काठ्या बसत. याहून विलक्षण प्रकार म्हणजे फ्रांकोच्या लष्कराचा मुख्य मानसरोगतज्ज्ञ अंतोनियो वालेहो-नाहेरा याने साम्यवाद हा एक मनोविकार आहे असे शास्त्रीय रीत्या सिद्ध करण्याचा विडा उचलला होता, आणि त्यासाठी त्याला हे कैदी आयतेच सापडले. कैद्यांची डोकी मोजण्यात आली, शेकडो प्रश्नांच्या याद्या त्यांच्याकडून भरून घेण्यात आल्या. मारहाणीपेक्षाही हा अपमान मला अधिक सूचक वाटतो. माणसाला मारणारा निदान त्याला शत्रू मानतो.

या मठात कैद्यांनी जे केले ते पलटणीच्या सेवेतून वगळण्याचे कारण नाही. त्यांनी वर्ग चालविले: भाषा, गणित, इतिहास, जो ज्याला येई तो विषय. हाताने लिहिलेले एक वर्तमानपत्र निघे, आणि बुद्धिबळाचे डाव मांडले जात. ज्यांना हिंदी स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगांची माहिती आहे त्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही, आणि बालाघाटच्या खटल्यानंतर कैद भोगून आलेल्या हुद्दारांना तर तो नक्कीच नव्हता. त्यांच्या कैदेच्याच काळात, १९३८ च्या जून महिन्यात, जवाहरलाल नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह स्पेनला आले, पाच दिवस राहिले, बार्सेलोनावर पडणारे बाँब त्यांनी पाहिले आणि आघाडीवर जाऊन आंतरराष्ट्रीय दलाची भेट घेतली. आपला एक हिंदी सैनिक त्या वेळी तीनेकशे मैलांवर, जॉन स्मिथ या नावाने, सलामीसाठी रांगेत उभा केला जात होता. त्याच वर्षी काँग्रेसचे वैद्यकीय पथक चीनला निघाले, ज्याचे नायक डॉ. मदनमोहन अटल हे स्पेनमध्ये सेवा करून आलेले होते, आणि ज्यात सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांचे नाव घरोघर पोचले, आणि ते योग्यच झाले.

पलटणीचा शेवट थोडक्यात सांगतो. २५ जुलै १९३८ रोजी तिने पुन्हा एब्रो ओलांडली, आणि गांदेसाच्या समोरच्या ४८१ क्रमांकाच्या टेकडीवर आठवडाभर डोके आपटले. ती टेकडी अखेरपर्यंत मिळाली नाही. सप्टेंबरात प्रजासत्ताकाच्या सरकारने परदेशी स्वयंसेवक परत पाठविण्याचा निर्णय घेतला, या आशेने की त्यामुळे जर्मन व इटालियनही निघून जातील. ते गेले नाहीत. २८ ऑक्टोबरला बार्सेलोनात निरोपाचे संचलन झाले. डिसेंबरात तीनशेंच्या आसपास ब्रिटिश स्वयंसेवक व्हिक्टोरिया स्टेशनावर उतरले, ज्या स्टेशनावरून ते सहलीचे तिकीट काढून निघाले होते. १९३९ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने फ्रांकोला मान्यता दिली आणि १ एप्रिलला त्याने युद्ध संपल्याचे जाहीर केले.

हुद्दारांची सुटका १९३८ मध्येच झाली आणि वर्षअखेरीस ते स्वदेशी परतले. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या सांगण्यावरून ते आजारी असलेल्या डॉ. हेडगेवारांना भेटावयास नाशिककडे गेले, आणि ती भेट निष्फळ झाली. पुढल्या वर्षी हुद्दार साम्यवादी पक्षात गेले, आणि त्याच वर्षी डॉक्टर वारले. या भेटीची हकीकत हुद्दारांनी चाळीस वर्षांनंतर, १९७९ मध्ये, ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या मुंबईच्या इंग्रजी साप्ताहिकात स्वतः लिहिली, आणि आजही त्यांचे नाव निघते ते बहुधा त्या लेखाच्या संबंधात, म्हणजे ते कोणाला भेटले आणि कोणी काय उत्तर दिले या वादात. स्पेनमध्ये त्यांनी बंदूक धरली होती हे त्या वादात दोन्ही पक्षांना फारसे उपयोगी नसते. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचा कस लागला तो त्या माघारीत आणि त्या मठात, जेथे त्यांच्यावर नजर ठेवणारे कोणी स्वकीय नव्हते आणि ज्याची हकीकत गावाला सांगून मान मिळेल अशी सोयही नव्हती.

१९८१ मध्ये ते निवर्तले. स्पेनच्या सरकारने आंतरराष्ट्रीय दलातील हयात सैनिकांना नागरिकत्वाचा हक्क देऊ केला तो १९९६ मध्ये, आणि स्वतःच्या देशाचे नागरिकत्व सोडण्याची अट त्यातून काढून टाकली ती २००७ च्या कायद्याने. तेव्हा सत्तर वर्षे उलटली होती आणि हयात असलेले ब्रिटिश स्वयंसेवक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते.